भ्रष्टाचार हा एकच मुद्दा घेऊन कोकणात पक्ष: सारखे येणारे प्रश्न

गणपतीत गावोगाव बसून हा विषय काढला तेव्हापासून फोन आणि व्हॉट्सॲप थांबलेले नाहीत. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्हीकडून तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त माणसांची आणि वाड्यांची नावं काढलीत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. तुम्ही नक्की पक्ष आहात की एनजीओ? आणि नाव का सांगत नाही?

आजच्या तारखेला आम्ही पक्ष काढायच्या तयारीतली माणसं आहोत. पक्षाची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९अ खाली केंद्रीय निवडणूक आयोगाकडे होते आणि पक्ष स्थापन झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज जायला लागतो, त्यामुळे आधी सगळे कागद हातात घ्यायचे आणि मगच स्थापनेची सभा घ्यायची असं ठरवलंय. कमीत कमी १०० सभासद लागतात, सगळे मतदार यादीतले, प्रत्येकाने मी दुसऱ्या कुठल्या पक्षात नाही असं प्रतिज्ञापत्र द्यायचं, पक्षाची घटना लिहायची, फी दहा हजार. नावावर पेपरात नोटीस देऊन हरकती मागवतात, म्हणून नाव पक्कं होईपर्यंत आम्ही ते कुठेच छापत नाही, उगाच लोकांनी बॅनर लावले आणि नाव बदलायला लागलं तर घोळ होतो. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती लढवायची तर राज्य निवडणूक आयोगाकडे वेगळी नोंदणी लागते, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.

नुसता कागदावरचा पक्ष आम्हाला नकोय. २०२५ मध्ये आयोगाने ऑगस्टमध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये ४७४ पक्ष यादीतून काढले, सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नाही म्हणून.

२. एकाच मुद्द्यावर पक्ष कसा चालणार? आम्हाला रस्ता पाहिजे, पाणी पाहिजे, पोरांना नोकरी पाहिजे.

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आहे आणि बरोबर आहे. आमचं म्हणणं एवढंच की कोकणात पैसा मंजूर होत नाही असं नाही, मंजूर झालेला पैसा जागेवर पोचतो का हे विचारणारं कोणी नाही. साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) मंजूर होतो, पाखाडी (वाडीतली पायवाट) मंजूर होते, विहिरीची दुरुस्ती, धूपप्रतिबंधक बंधारा, जेटी, नळपाणी योजना सगळं मंजूर होतं, बोर्ड लागतो, नारळ फुटतो, आणि दोन पावसाळ्यांनी पऱ्यावरून परत लाकूड टाकून पोरं शाळेत जातात. तोच साकव पाच वर्षांनी परत मंजूर होतो.

पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर किती गणपती आपण खड्ड्यातून गावाला आलो ते तुम्हीच आठवा. पण ऑगस्ट २०१६ मध्ये महाडला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, माणसं गेली, तेव्हा नवीन पूल वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे मनावर घेतलं तर काम होतं, आणि उशीर कोणाच्या टेबलावर झाला, किती वेळा ठेकेदार बदलला, किती वेळा खर्च वाढवून दिला हे कागदावर कुठेतरी लिहिलेलं असतं. तो कागद लोकांपुढे आणणं हे या पक्षाचं काम. रस्ता, पाणी, शाळा सगळ्यावर आम्ही बोलणार, पण प्रत्येक वेळी याच बाजूने.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं धरण फुटलं. गळती आहे म्हणून गावकऱ्यांनी आधीच तक्रार केली होती. ती तक्रार कुठल्या टेबलावर किती दिवस होती, हे ज्या दिवशी आपल्याला आपोआप दिसेल त्या दिवशी माझ्या मते या पक्षाची गरज उरणार नाही.

३. आम आदमी पार्टी पण असंच बोलून आली होती. तुम्ही वेगळे कसे?

त्यांचं जे झालं त्यातून शिकायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. २०११ चं लोकपाल आंदोलन, २६ नोव्हेंबर २०१२ ला पक्ष, वर्षभरात दिल्लीत २८ जागा, २०१५ ला ७० पैकी ६७, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत २२. मधल्या काळात दारू धोरणाच्या प्रकरणात त्यांच्याच नेत्यांना अटक झाली, त्यात खरं-खोटं ठरवायचं काम कोर्टाचं आहे, आम्ही त्यावर मत देत नाही. आम्ही धडा घेतला तो असा, की हिशोब मागणारा स्वतः तिजोरीवर बसला की स्वतःकडे हिशोब मागायला बाहेर कोणी राहत नाही. म्हणून आमच्या घटनेच्या मसुद्यात लिहिलंय की पहिल्या दोन निवडणुकांत आमचा कोणीही सभापती, अध्यक्ष असं पद घेणार नाही, फक्त सदस्य म्हणून बसणार, प्रश्न विचारणार, मतदान करणार. काही मित्रांना हे पटत नाही, वाद चालू आहे, पण मी स्वतः यावर ठाम आहे.

आंध्रात जयप्रकाश नारायण (आणीबाणीवाले नव्हेत, दुसरे, माजी आयएएस) यांनी २००६ मध्ये लोकसत्ता पक्ष काढला, २००९ मध्ये ते एकटेच कुकटपल्लीतून निवडून आले. एकच जागा. तेवढी तयारी ठेवून आम्ही उतरतोय.

आणि ही कल्पना बाहेरून आलीय असं कोणी समजू नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आपल्या महाडजवळच्या नाते गावचे, १९५२ ला कुलाब्यातून (म्हणजे आजच्या रायगडातून) लोकसभेवर गेले, अर्थमंत्री होते. १९५९ मध्ये त्यांनी जाहीरपणे मागणी केली होती की मोठ्या लोकांवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण पाहिजे. केंद्रीय दक्षता आयोग १९६४ मध्ये आला, तो त्यानंतर.

४. भ्रष्टाचार म्हणजे काय काय धरता? दाखल्यासाठी घेतलेले शंभर रुपये पण?

हो, ते पण. मोठा घोटाळा टीव्हीवर दिसतो पण म्हाताऱ्या बाईला वारस नोंदीसाठी चार फेऱ्या आणि हजार रुपये हा तिच्यासाठी मोठा घोटाळाच आहे. माझे वडील गेल्यावर आमची वारस नोंद एका कार्यालयात चौदा महिने अडकली, हरकतीची मुदत १५ दिवसांची, कोणाची हरकत नाही, भाऊबंदांची तक्रार नाही, तरी चौदा महिने. आईने शेवटी शेजाऱ्याकडून उसने घेऊन पैसे दिले आणि मला सहा महिन्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून मी यात आहे.

आता वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येतो, तो ऑनलाइनच करा, कारण मग तारीख राहते. बाकी दाखल्यांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत अर्ज दिला की पोच घ्यायचीच, त्यावर किती दिवसांत दाखला मिळणार ते असतं. दिवस उलटले की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर यातलं काहीच करता येत नाही, म्हणून पोच, पोच, पोच.

आमच्या दृष्टीने भ्रष्टाचारात लाच येते, बोगस बिलं येतात, एकच काम दोन योजनांत दाखवणं येतं, टेंडर टाळायला एका कामाचे चार तुकडे पाडणं येतं, आणि आपल्याच घरातल्याला काम देणं पण येतं (त्याबद्दल १३ मध्ये). निव्वळ चुकीचा निर्णय म्हणजे भ्रष्टाचार नव्हे. सरपंचाने तुमच्या वाडीऐवजी खालच्या वाडीला दिवे आधी लावले म्हणून आमच्याकडे तक्रार पाठवू नका.

५. आमच्या वाडीतली पाखाडी एका पावसात उखडली. काय करायचं ते नीट सांगा.

नीट सांगतो, कारण पक्षाचं अर्ध काम हेच आहे.

पहिलं, बोर्डाचा फोटो घ्या. कामाचं नाव, योजना, रक्कम, ठेकेदार, सगळं त्यावर पाहिजे. बोर्ड नसेल तर ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाईलवरच दिसतो, तिथे वर्ष आणि गाव टाकून बघा. दुसरं, काम कोणाचं ते शोधा, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद बांधकाम की सार्वजनिक बांधकाम, कारण चुकीच्या ऑफिसला अर्ज गेला की महिना वाया.

मग माहिती अधिकारात अर्ज. साध्या कागदावर, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे, त्यामुळे मनातला राग अर्जात लिहू नका, कागद मागा. कागद हे मागायचे: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, बिलं, मटेरियलचे टेस्ट रिपोर्ट, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि दोष दायित्व कालावधी किती. यातली एमबी सगळ्यात महत्त्वाची, कारण पैसे एमबीत लिहिलेल्या मापावर निघतात, जागेवर काय आहे त्यावर नाही.

आमच्या वाडीत एमबीत पाखाडी १२० मीटर होती. आम्ही सहा जणांनी टेप लावून मोजली, खालच्या विहिरीपासून वर देवळाच्या पायरीपर्यंत, दोनदा मोजली, ९० भरली. मग अर्ज केला, इंजिनिअर आला, पंचांसमोर परत मोजली, ९०. उरलेली तीस मीटर पाखाडी महिन्यात झाली. कोणावर गुन्हा दाखल झाला नाही हे मला अजून सलतं, पण त्या पाखाडीवरून आता आजारी माणसाला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणता येतं.

माहिती अधिकारात कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि मटेरियलचा नमुना घ्यायचा पण हक्क आहे, कलम २ मध्येच लिहिलंय. सिमेंट कमी आहे असा संशय असेल तर हा हक्क वापरा. आणि दोष दायित्व कालावधी संपलेला नसेल तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं, तेव्हा नवीन निधी मागायच्या आधी ते तपासा. बऱ्याच ठिकाणी मुदत चालू असताना नवीन एस्टिमेट बनतं आणि आपण खुश होतो.

शेवटी ग्रामसभा. वर्षाला निदान चार व्हायला पाहिजेत. तिथे हे कागद वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहून घ्या, सही झालेली प्रत मागा. घरात बसून फॉरवर्ड केलेल्या मेसेजपेक्षा इतिवृत्तातली एक ओळ जास्त चालते.

६. माहिती अधिकाराचं उत्तरच आलं नाही. किंवा 'माहिती उपलब्ध नाही' असं आलं.

३० दिवस झाले की पहिलं अपील त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, वीस रुपयांचं स्टॅम्प. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, ते बेलापूरला आहे. तिथे तारीख लागायला खूप वेळ जातो, हे आधीच सांगतो म्हणजे निराश होऊ नका. उशिराबद्दल दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० दंडाची तरतूद आहे.

'उपलब्ध नाही' असं आलं तर लगेच विचारा, फाईल हरवली का, हरवली तर शोध घेतल्याचा कागद द्या. पैसे दिलेत तर बिल कुठेतरी असणारच.

७. लाभार्थ्यांची यादी मागितली तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारली. बरोबर आहे का?

इथे गोष्ट अवघड झालीय. डेटा संरक्षण कायद्यामुळे नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललंय, वैयक्तिक माहिती म्हटलं की नाकारायला आता सोपं झालंय. पण कलम ८(२) अजून आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून अर्जातच एक वाक्य घाला की ही यादी सरकारी पैशाची आहे, जनहितासाठी मागतोय, कलम ८(२) लागू करा. आणि कलम ४ प्रमाणे अनुदान योजना कशा राबवल्या, लाभार्थी कोण हे ऑफिसने स्वतःहून जाहीर करायचं असतं, तेही लिहा. आधार नंबर, बँक खातं असलं काही मागू नका, ते मागितलं की सगळाच अर्ज उडतो.

८. लाच मागितली तर कुठे जायचं? आणि दिली तर मी पण आत जाणार का?

१०६४ वर फोन, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, म्हणजे एसीबी. आपले तिन्ही जिल्हे ठाणे परिक्षेत्रात येतात पण जिल्ह्याच्या ठिकाणी युनिट आहे, मुंबईला जायला लागत नाही. ते आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात, मग पावडर लावलेल्या नोटा घेऊन सापळा. सापळ्यातले पैसे तुम्हाला परत मिळतात. हे गरीब माणसाला सांगायला विसरू नका, कारण 'आधीच पैसे नाहीत, सापळ्याला कुठून आणू' म्हणून लोक मागे फिरतात.

आता दुसरा भाग. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणं हा पण गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण दोन सवलती आहेत. जबरदस्तीने द्यायला लागली असेल आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा एसीबीला कळवलं तर तुम्ही गुन्हेगार नाही. आणि आधी कळवून सापळ्यासाठी दिली तरी नाही. सात दिवस उलटून गेलेत आणि आता पश्चात्ताप होतोय असे मेसेज खूप येतात, माझ्या आईचं पण तेच झालं होतं. अशा वेळी आधी वकिलाशी बोला, फेसबुकवर कबुली लिहू नका.

९. पैसा कुठून आणणार? निवडणूक काय फुकट होते?

नाही होत. विधानसभेला अनामत दहा हजार, लोकसभेला पंचवीस हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला अर्धी, आणि झालेल्या वैध मतांच्या सहावा हिस्सा नाही मिळाला तर जप्त. खर्चाची मर्यादा विधानसभेला चाळीस लाख, आम्ही त्याच्या जवळपास पण जाणार नाही.

कायद्याने पक्षाला वीस हजारांवरच्या देणग्यांचा तपशील आयोगाला द्यावा लागतो. आम्ही एक रुपयापासून सगळ्या देणग्या नावासकट महिन्याच्या महिन्याला लावणार, रोख घेणारच नाही. निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले ते याच कारणासाठी, की मतदाराला कळलं पाहिजे पक्षाला पैसा कोण देतो. जे दुसऱ्याकडे मागतो ते आधी स्वतः करायला पाहिजे, नाहीतर वाडीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

१०. मी शिक्षक आहे / पोलीस पाटील आहे / तलाठी आहे. सभासद होऊ शकतो का?

नाही. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या नोकरांना वर्तणूक नियमांनी राजकीय पक्षाचं सभासद होता येत नाही, पोलीस पाटलालाही राजकारणात भाग घेता येत नाही. तुमची नोकरी धोक्यात घालून आम्हाला सभासद नकोय. रिटायर झालात की या, जुने कारकून आणि इंजिनिअर आम्हाला सगळ्यात जास्त पाहिजेत, कुठल्या रजिस्टरला काय लिहितात ते त्यांनाच कळतं. घरातली नोकरीत नसलेली माणसं अर्थातच होऊ शकतात.

११. मी चाकरमानी, राहायला डोंबिवलीत, गणपती-शिमग्याला गावी. सभासद होऊ का? मत कुठे?

सभासद जरूर व्हा, कुठल्याही यादीत मतदार असाल तरी चालतं. मताचं मात्र सांभाळा. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे आणि फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर शिक्षा आहे, एक वर्षापर्यंत. नाव जिथे तुम्ही नेहमी राहता तिथे, नुसतं घर किंवा जमीन आहे म्हणून गावच्या यादीत नाव ठेवता येत नाही. गावच्या मुंबई मंडळाने गाड्या भरून मतदानाला माणसं आणायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, हे लिहिताना माझ्याच घरातली माणसं डोळ्यासमोर आहेत, पण ज्यांची नावं दोन्हीकडे आहेत त्यांनी एक काढून टाका. आम्ही मतदार यादी तपासायला सांगणार आणि आपलीच नावं दोनदा निघणार, हे चालणार नाही.

मुंबईकरांचा खरा उपयोग वेगळा आहे. बेलापूरला सुनावणी असली की (६ बघा) सावंतवाडीहून माणूस रात्रभर प्रवास करून येतो, तुम्ही तासाभरात पोचता.

१२. ग्रामपंचायत लढवणार का?

आपल्या राज्यात ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे पक्ष म्हणून नाही. सभासद स्वतःच्या नावावर उभे राहू शकतात, आमचं नाव बॅनरवर न वापरता. भावकीची निवडणूक पक्षाच्या नावाने लढली की घरं फुटतात.

१३. मी लहान ठेकेदार आहे, प्रामाणिकपणे कामं करतो. मला घ्याल?

सभासद म्हणून हो, आणि तुमच्यासारख्यांचे फोन येतात तेव्हा बरं वाटतं, कारण टक्केवारीत प्रामाणिक ठेकेदारच आधी मरतो. उमेदवार म्हणून नाही. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या कायद्यात त्याच संस्थेच्या कामात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर सदस्य अपात्र होतो, आमदार-खासदारांनाही सरकारशी चालू कंत्राट असलं तर तसंच आहे. आम्ही एक पायरी पुढे जातोय: नवरा, बायको, मुलगा, भाऊ, मेहुणा कोणाच्याही नावावर काम चालू असेल तर उमेदवारी नाही.

१४. रिफायनरीला तुमचा पाठिंबा की विरोध? स्पष्ट सांगा, गोल गोल नको.

स्पष्ट सांगतो, पक्ष म्हणून बाजू घेणार नाही. आमच्यात रिफायनरीविरोधातल्या बारसूच्या आंदोलनात बसलेले आहेत आणि प्रकल्प आला पाहिजे म्हणणारे पण आहेत, दोघांचीही पोरं पुण्या-मुंबईला आहेत. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाबद्दल पण असंच. पण दोघांनाही एक गोष्ट मान्य आहे, की प्रकल्प जाहीर व्हायच्या आधी त्या परिसरात जमिनी कोणी घेतल्या, किती भावाने, त्यांना आधी कसं कळलं याची यादी लोकांपुढे आली पाहिजे. जनसुनावणीचे कागद मराठीत आणि वेळेवर मिळाले पाहिजेत. यावर आम्ही बोलणार, मोठ्याने बोलणार. ज्यांना एवढ्याने समाधान होत नाही त्यांनी दुसरीकडे जावं, मला वाईट वाटणार नाही.

१५. भीती वाटते. नाव उघड झालं तर?

भीती खोटी नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत राजापुरात रिफायनरीच्या जमिनींबद्दल लिहिणाऱ्या एका पत्रकाराला गाडीखाली घालून मारलं गेलं, खुनाचा गुन्हा दाखल झाला. म्हणून आमचा नियम आहे की वाळू आणि जमीन या दोन विषयांवर कोणीही एकट्याच्या नावाने अर्ज करायचा नाही. खाडीतल्या वाळूउपशाचा अर्ज असेल तर वेगवेगळ्या गावांतले दहा जण तोच अर्ज वेगवेगळा टाकतात, मग कोणाला गाठणार? रात्री एकट्याने जाऊन फोटो काढणं बंद. धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि आम्हालाही प्रत पाठवा.

१६. माहिती अधिकारवाले ब्लॅकमेल करतात. तुमच्यात असले शिरले तर?

शिरतील, प्रयत्न सुरू झालेत. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला भेटायचं, पाकीट घ्यायचं आणि अर्ज मागे घ्यायचा, हा पण भ्रष्टाचारच आणि जास्त वाईट, कारण खऱ्या माणसाचा अर्ज पण त्याने संशयात येतो. म्हणून पक्षाच्या सभासदाने टाकलेला प्रत्येक अर्ज आणि आलेलं उत्तर यादीत लागणार, अर्ज मागे घेतला तर कारण लिहून द्यायचं. असं कोणी करताना सापडलं तर काढून टाकणार आणि एसीबीला आम्हीच कळवणार. दुसऱ्या पक्षाचा माणूस असता तर जे केलं असतं तेच.

१७. आमचा नेता थोडं खातो पण कामं करतो. खाऊन काम न करणाऱ्यापेक्षा बरा ना?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही, वाईट वाटतं. नाथ पै, मधु दंडवते याच मातीतून निवडून गेले. दंडवते १९७१ ते १९८९ सलग पाच वेळा राजापुरातून, रेल्वेमंत्री होते, त्यांच्या साधेपणाबद्दल आजही म्हातारी माणसं बोलतात. कोकण रेल्वेसाठी ते आयुष्यभर झटले. काम करणारा आणि न खाणारा असा माणूस आपण पाच वेळा निवडला होता.

१८. आणि मतदानाच्या आदल्या रात्री जे पाकीट येतं त्याचं?

देणारा गुन्हेगार आणि घेणारा पण, एक वर्षापर्यंत शिक्षा. विधानसभा-लोकसभेला निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाकला तर १०० मिनिटांत कारवाई करायची अशी पद्धत आहे. 'पैसे त्यांचे घ्या, मत आम्हाला द्या' असं आमचा कोणी सांगणार नाही, सांगितलं तर त्याचं नाव कळवा.

१९. गावकीच्या, देवस्थानच्या पैशाचा हिशोब पण मागणार का?

नाही. पालखीची वर्गणी, नमनाचा खर्च, मंडळाचा हिशोब हे सरकारी पैसे नाहीत. नोंदणी झालेलं देवस्थान असेल तर धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे तक्रार करा. सरकारी निधीतून देवळाचा सभामंडप झाला असेल तर तेवढ्या कामापुरतं ५ लागू.

२०. वादळानंतर कामं विना-टेंडर होतात, तेव्हा तर कोणी काही विचारू शकत नाही ना?

विचारू शकतो, तेव्हाच विचारायला पाहिजे. जून २०२० ला निसर्ग, मे २०२१ ला तौक्ते, दोन्ही वेळा आपल्याकडे पत्रे, नौका, माड-पोफळी, आंबा सगळं गेलं. तातडीच्या कामाला टेंडरमध्ये सूट मिळते हे खरं, पण एमबी, बिलं, टेस्ट रिपोर्ट यातून सूट नाही, ते सगळं ५ प्रमाणेच मागता येतं. पंचनाम्याचं जास्त महत्त्वाचं. पंचनामा करायला माणूस आला की त्याच्याबरोबर फिरा, तारीख दिसेल असे फोटो काढा, किती झाडं आणि किती पत्रे लिहिले ते वाचल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या कागदावर तर अजिबात नको, आणि वाडीची पूर्ण यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. ज्याचं घर पडलं नाही त्याचं नाव वाचलं गेलं की वाडीला लगेच कळतं.

आणि ही यादी पैसे वाटायच्या आधी वाचायला लावा, नंतर नाही.